उतारावर लावलेली जीप

कोयनेच्या खोऱ्यात जुनी जीप आजारी आहे की नाही, हे बोनेट न उघडताही कळतं. ती रात्री कुठे लावली आहे एवढं पाहायचं. घरापुढचं सपाट अंगण मोकळं असताना मालक तिला शंभर पावलं लांब, उतारावर नेऊन लावत असेल आणि पुढच्या चाकाखाली मोठा दगड असेल, तर समजावं की सेल्फ घेत नाही. सकाळी दगड काढायचा, गाडी सोडायची, थोडा वेग आला की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. मग दिवसभर इंजिन बंद करायचं नाही. बाजारात गेलं तरी चालू, लग्नाला गेलं तरी मांडवाबाहेर चालूच.

अशा जीपा मी वर्षानुवर्षं उतारावर झोपताना पाहिल्या आहेत. शेवटी मालक थकतो आणि गाडी भंगारात निघते. इंजिन उत्तम, गिअरबॉक्स शाबूत, चारही चाकांना ओढ देणारा ट्रान्सफर केस ठणठणीत, आणि गाडी वजनावर विकली जाते, कारण ती सकाळी सुरू होत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. ज्या दोषापायी ती विकली जाते, तो बहुतेक वेळा एका दुपारच्या कामाचा आणि काहीशे रुपयांच्या सामानाचा असतो. तो शोधायचा कसा हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं.

पुस्तकातल्या गाड्या कोणत्या, ते आधी सांगतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळवणी सुरू केली. तिथून पुढे उंच बोनेटची सीजे थ्री बी आली, जिला आपल्याकडे सगळे नुसतं ‘थ्री बी’ म्हणतात. तिचं हरिकेन इंजिन पेट्रोलचं. नंतर प्युजोच्या परवान्याखाली बनलेलं २,११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन आलं आणि एमएम ५४०, कमांडर अशा गाड्यांतून ते गावोगाव पोचलं. कराड, पाटण, शाहूवाडीकडे वडापच्या धंद्याचा कणा हीच गाडी होती. ज्या वाडीवर एसटी जात नव्हती तिथे वडापची जीप जायची, आणि आजारी माणसाला खाली आणायचं म्हटलं की तीच. ती सुरू होणं ही साऱ्या वाडीच्या जिवाभावाची गोष्ट होती.

पेट्रोलवरून डिझेलवर जाताना विजेच्या बाजूनं मोठा फरक पडला, आणि तो पुष्कळ मिस्त्रींच्याही ध्यानात येत नाही. जुन्या पेट्रोल जीपच्या सिलिंडरमध्ये हवा साधारण सात पट दाबली जाते. या डिझेल इंजिनात वीस पटींच्याही वर. तेवढा दाब मोडून इंजिन फिरवायचं तर सेल्फला ताकद जास्त लागते, म्हणजे बॅटरीतून प्रवाहही जास्त ओढला जातो. पेट्रोल इंजिनानं ज्या ढिल्या नटाची, गंजलेल्या टर्मिनलची कधी तक्रार केली नाही, तोच नट डिझेल जीपला जागच्या जागी उभी करतो. शिवाय डिझेलला नुसतं फिरून भागत नाही. दाबलेली हवा डिझेल पेटण्याइतकी तापली पाहिजे, आणि त्यासाठी इंजिन पुरेशा वेगानं फिरलं पाहिजे. रडत रडत फिरणारा सेल्फ म्हणूनच निम्मा निकामी समजावा.

मला हा विषय माझ्या एमएम ५४० नं शिकवला. जुलै महिन्यातली रात्र होती. चिपळूणहून वर येताना कुंभार्ली घाटात झाड पडलेलं होतं. रांगेत उभं राहून अर्धा तास झाला म्हणून मी इंजिन बंद केलं. झाड बाजूला झालं तेव्हा चावी फिरवली, तर ‘टक’ असा एकच आवाज आला आणि सगळे दिवे मंद झाले. मागच्या ट्रकमधल्या लोकांनी भर पावसात उतरून जीप मागे उताराला लावून दिली, म्हणून आम्ही घरी पोचलो. गाडीत आई होती. तिला दम्याचा त्रास सुरू झाला होता. ती रात्र मी विसरलेलो नाही.

पुढच्या दोन महिन्यांत मी नवी बॅटरी घेतली. आठ दिवस गाडी छान चालली आणि पुन्हा तेच. मग सेल्फ खोलून घेतला. कार्बन, बुश आणि सोलेनॉइड नवे टाकले. पंधरा दिवस ठीक गेले. मग चारही हीटर प्लग बदलले. प्रत्येक वेळी वाटायचं, दोष सापडला. खरा दोष मात्र पहिल्या दिवसापासून होता तिथेच होता. मग मधले दिवस गाडी का चालत होती? नवी ताजी बॅटरी अडथळा असूनही थोडा जास्त जोर लावत होती. सेल्फ काढून परत बसवताना त्याचे नट-बोल्ट घासले गेले, घट्ट झाले, तेवढ्यानं काही दिवस निभावलं. चुकीचा उपायही थोडे दिवस लागू पडतो, आणि माणूस त्यालाच खरा समजून बसतो. विजेच्या दोषांत सर्वांत जास्त पैसा इथे जातो. हे मी स्वतः भोगलेलं असल्यामुळे पुस्तकात पुनःपुन्हा सांगितलं आहे.

शेवटी कराडच्या एका वयस्कर वायरमनकडे गाडी नेली. त्यांनी कुठलंही हत्यार हातात घेतलं नाही. मला चावी फिरवायला सांगितली आणि स्वतः इंजिन बंद करायच्या केबलच्या म्यानावर दोन बोटं ठेवली. तीन-चार वेळा सेल्फ मारल्यावर म्हणाले, “इकडं या, हात लावा.” केबल गरम झाली होती. डिझेल पंपाचा खटका ओढायची ती साधी पोलादी केबल. तिच्यातून वीज जायचं काही कारणच नाही. मग त्यांनी गाडीखाली वाकून गिअरबॉक्स आणि चॅसिस यांच्यामध्ये लोंबणारी तांब्याच्या विणीची पट्टी दाखवली. ती हिरवी पडली होती आणि चार-पाच धाग्यांवर टिकून होती.

या पट्टीला कोणी अर्थिंग म्हणतं, कोणी बॉडी अर्थ. इंजिन चॅसिसवर थेट बसवलेलं नसतं, मध्ये रबराचे माउंटिंग असतात. ते रबर हादरे शोषतं, तसंच विजेलाही अडवतं. बॅटरीच्या प्लसकडून निघालेला प्रवाह जाड केबलनं सेल्फपर्यंत येतो, सेल्फ फिरवतो आणि इंजिनाच्या लोखंडात उतरतो. त्याला तिथून बॅटरीच्या मायनसकडे परत जायचं असतं. मायनसची केबल चॅसिसला जोडलेली असेल तर इंजिन आणि चॅसिस यांच्यातला पूल ही पट्टीच. ती तुटली की प्रवाह मिळेल त्या धातूतून वाट काढतो: ॲक्सिलरेटरचा दांडा, स्पीडोमीटरची केबल, खटक्याची केबल. या वाटा बारीक असल्यामुळे त्या तापतात. केबलचं म्यान जळून धूर निघालेल्या गाड्याही मी नंतर पाहिल्या.

आपण सगळे लाल वायरच्या मागे लागतो. बॅटरीपासून सेल्फपर्यंतची वाट दहादा तपासतो आणि परतीची वाट कोणी पाहतच नाही, कारण ती वायरसारखी दिसत नाही. ती म्हणजे चॅसिस, बोल्ट, रंगाचा थर, चिखल आणि गंज. कोकणात खारा वारा, घाटावर चार महिने धुकं आणि पाऊस. इथल्या गाड्यांत हीच वाट आधी सडते. पाण्यासारखी वीज एका टोकाला आत येते आणि दुसऱ्या टोकाला संपते, अशी समजूत डोक्यात घट्ट बसलेली असते. वीज फेरी मारते. फेरीचा परतीचा अर्धा भाग जाण्याच्या अर्ध्या भागाइतकाच धडधाकट लागतो.

आता टेस्ट लॅम्पबद्दल. गावोगावच्या वायरमनचं हे लाडकं हत्यार, आणि पुष्कळ कामांना उत्तम. पण सेल्फच्या दोषात ते चक्क फसवतं. हिशोब करून पाहू. इंजिन फिरवताना सेल्फ २०० अँपिअर ओढतो असं धरा. वाटेत कुठेतरी गंजामुळे ०.०१ ओहमचा अडथळा आला, इतका बारीक की साध्या मीटरवर ओहम मोजायला गेलात तर दिसणारही नाही. २०० गुणिले ०.०१ म्हणजे २ व्होल्ट. १२ व्होल्टांतले २ त्या एका सांध्यावर उष्णता होऊन गेले. त्याच जागी ५ वॅटचा टेस्ट लॅम्प लावा. तो ०.४ अँपिअरच घेतो, म्हणून त्याच्या बाबतीत तोच सांधा केवळ ०.००४ व्होल्ट अडवतो. दिवा लख्ख पेटतो आणि वायरमन म्हणतो, “करंट येतोय, सेल्फच गेला.” दिव्यानं खरंच सांगितलं, प्रश्न चुकीचा विचारला गेला. बारीक दोरीनं माळ्यावरचा कंदील टांगता येतो, म्हणून तिनं बैल बांधता येईल असं नव्हे.

म्हणून या पुस्तकातली जवळपास प्रत्येक तपासणी भार असताना करायची आहे. एकजण चावी फिरवणार, दुसरा मीटर धरणार. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटावर, खुद्द शिशाच्या खुंटावर, वरच्या क्लॅम्पवर नाही. दुसरं इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ लोखंडावर. खटक्याची केबल ओढून ठेवायची म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि सेल्फ मारायचा. त्या चार सेकंदांत मीटरवर ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर परतीच्या वाटेत अडथळा आहे. माझ्या गाडीत हा आकडा ३ च्या वर गेला होता. हीच तपासणी प्लसच्या बाजूनंही करायची: एक टोक प्लस खुंटावर, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टवर. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. जिथे आकडा मोठा, त्या वाटेवर एकेक सांधा घेत पुढे सरकायचं. दोष आपोआप दोन नटांच्या मध्ये कोंडला जातो. त्यात अंदाजाचा भाग उरत नाही, आणि सामान विकत घेण्याआधी उत्तर मिळतं.

बॅटरीबद्दल लोकांना मी शिकवावं असं फार नाही. तिच्यावर आधीच गरजेपेक्षा जास्त संशय घेतला जातो. रात्रभर उभी असलेली, भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, १२ च्या खाली जवळपास रिकामी. पण सेल्फ मारताना ती किती टिकते हे महत्त्वाचं. त्या वेळी ९.६ च्या खाली कोसळली आणि ती पूर्ण भरलेली होती, तर आता बॅटरीवर बोट ठेवा. त्याआधी नाही.

मीटर नसेल तेव्हा कान वापरायचा. सेल्फ फार बोलका असतो. पटापट ‘टकटकटक’ असा आवाज आला की पुष्कळजण सोलेनॉइड गेला म्हणतात. खरं तर सोलेनॉइड तेव्हा आपलं काम मन लावून करत असतो. त्याच्या आत दांडा ओढणारी एक गुंडाळी आणि ओढलेला दांडा धरून ठेवणारी दुसरी, अशा दोन गुंडाळ्या असतात. दांडा ओढला जातो, जाड संपर्क जुळतो, त्यासरशी मोठा प्रवाह सुटतो. बॅटरी उतरलेली असेल किंवा टर्मिनल ढिलं असेल, तर त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं, धरणाऱ्या गुंडाळीचा जीव जातो, दांडा मागे येतो. भार सुटला की व्होल्टेज परत चढतं, दांडा पुन्हा ओढला जातो. तीच टकटक. एकदाच ठणकन ‘टक’ होऊन शांतता झाली, तर आतले तांब्याचे संपर्क जळलेले असतील, कार्बन झिजलेले असतील किंवा माझ्या घाटातल्या रात्रीसारखं मोठ्या वाटेत काही तुटलं असेल. सेल्फ भर्रकन रिकामा फिरतो आणि इंजिन जागचं हलत नाही, तेव्हा बेंडिक्स घसरतोय किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात त्या जागी झिजलेत. थंडीत ठीक आणि इंजिन तापल्यावर जड, असं असेल तर बुश पाहा. बुश झिजला की आर्मेचर आतल्या लोखंडाला घासतं. या आवाजांवर पुस्तकात लांबलचक प्रकरण आहे, कारण रात्री अकरा वाजता घाटात कान तेवढा जवळ असतो.

इंजिन जोमानं फिरतंय पण पेटत नाही, हे दुखणं वेगळं. ते बहुधा विजेचं नसतं. फिल्टर तुंबलेला, पाइपच्या सांध्यातून हवा शिरलेली, खटक्याची केबल अडकून पंप बंद स्थितीतच राहिलेला, असली कारणं निघतात. विजेच्या वाट्याला हीटर प्लग येतात आणि ज्या पंपांवर डिझेल तोडणारा सोलेनॉइड आहे तिथे तो. हे प्रकरण मुद्दाम छोटं ठेवलं आहे.

चार्जिंगचा विषय मात्र छोटा होऊ शकला नाही. जुन्या थ्री बी मध्ये डायनमो आणि कटआउट. पुढच्या गाड्यांत अल्टरनेटर. अल्टरनेटरच्या पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डवरचा तो लहानसा लाल दिवा निव्वळ सूचना देण्यापुरता नसतो. अल्टरनेटरला जागं करणारा पहिला प्रवाह त्या बल्बमधूनच जातो. बल्ब उडाला की अल्टरनेटर झोपून राहतो, आणि ड्रायव्हर समाधानानं सांगतो की लाल दिवा लागत नाही म्हणजे चार्जिंग चालू आहे. चावी लावल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो दिवा लागलाच पाहिजे. मी कोणाच्याही जीपमध्ये बसलो की आधी हे पाहतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. आणखी एक खूण त्याच कराडच्या वायरमननी दिलेली: रात्रभर बंद असलेल्या गाडीचा अल्टरनेटर पहाटे हाताला कोमट लागला, तर त्याचा डायोड गळतोय आणि रात्रभर बॅटरी उलटी पितोय. अर्धा अँपिअर जरी असा गळत राहिला तरी ७० अँपिअर-अवरची बॅटरी सहा दिवसांत रिकामी होते.

वडापच्या काळानं या गाड्यांच्या अंगावर आणखी एक वारसा ठेवला आहे. टेप, दोन जास्तीचे हॉर्न, टपावरचे दिवे, देवाच्या फोटोपुढची लुकलुकणारी माळ. हे सगळं मूळ वायर सोलून, पीळ मारून, वर काळी टेप गुंडाळून जोडलेलं. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी. त्या ड्रायव्हरांना मी दोष देत नाही. दिवसाच्या पाच फेऱ्या झाल्या तरच घरी चूल पेटणार होती. पण फ्यूज वारंवार उडतो तेव्हा तो गाडीला आग लागू नये म्हणून स्वतः जळत असतो. आपल्या हातात अशी जीप आली तर ती तार आजच काढा आणि योग्य अँपिअरचा फ्यूज बसवा. बाकी वायरिंग नंतर पाहू.

आता सांगतो ते कृपा करून सोडून पुढे जाऊ नका. सेल्फवर स्क्रूड्रायव्हर टेकवून दोन बोल्ट जोडायचे आणि बाहेरूनच गाडी सुरू करायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. चावीच्या स्विचचा दोष ओळखायला तिचा उपयोग आहे, हे खरं. पण गाडी गिअरमध्ये राहिलेली असेल तर ती त्याच क्षणी अंगावर येते. चारही चाकांना ओढ असलेल्या जीपमध्ये धोका आणखी मोठा: लो रेंज लावलेली असेल तर नुसत्या सेल्फच्या ताकदीवरही ती सरकते, आणि डिझेल इंजिन पेटलं तर समोरच्या माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये स्वतःच्या हातानं हलवून पाहा, ट्रान्सफरचा दांडाही पाहा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. चाकासमोर उभं राहून हे काम कधीही करू नका. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडताना शेवटची काळी वायर उतरलेल्या बॅटरीच्या खुंटाला न लावता लांबवर इंजिनाच्या लोखंडाला लावा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि शेवटचा सांधा जोडताना ठिणगी उडतेच.

पुस्तक कोणासाठी? जीप वापरणाऱ्या, हात काळे करायला तयार असणाऱ्या माणसासाठी, आणि आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांसाठी. ही मुलं स्कॅनर लावून नव्या गाडीचा दोष वाचायला शिकली आहेत, ते चांगलंच आहे. पण जुन्या जीपला स्कॅनर जोडायला जागा नाही. तिला विचारायचं तर मीटर, कान आणि बोटं यांनीच विचारावं लागतं. ज्यांनी मला हे दाखवलं ते कराडचे वायरमन आता दुकानात बसत नाहीत. त्यांनी कधी काही लिहून ठेवलं नाही. विचारलं की हातात हात धरून दाखवत. या पानांतलं निम्मं ज्ञान त्यांचं आहे. कागदावर उतरवताना काही सुटलं असेल तर ते माझ्याकडून.

पहिलं प्रकरण बॅटरीचं असेल असं वाचकाला वाटेल. ते अर्थच्या पट्टीचं आहे. वाचायला बसण्याआधी जीपपाशी जा, बॅटरीची मायनस केबल सोडवून ठेवा आणि गाडीखाली डोकावून ती पट्टी शोधा. सापडली तर दोन्ही टोकांचे बोल्ट काढा, खालचं लोखंड पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा, पट्टी हिरवी किंवा विरलेली असेल तर नवी घाला, घट्ट आवळा आणि वरून ग्रीसचा हात फिरवा. ती सापडलीच नाही, तर कोणीतरी कधीतरी गिअरबॉक्स उतरवताना काढून परत लावायची विसरलं आहे. मग सरळ पान एकवर या.